ताऱ्याचं पाचवं टोक

फिलूबाय,

आधीच सांगते, अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर मी पेन धरलं ते मंगेशच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला आणि कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. ओळी खाली उतरतात, शब्द एकमेकांना चिकटतात. चुका असतील त्या माफ कर. तू असतीस तर हे मी तुला दाखवलंच नसतं. तू गेलीस म्हणून लिहायचं धाडस होतंय. समोरासमोर मला कधी धड बोलता आलं नाही. मी गप्प बसायचे आणि तू दोघींचं मिळून बोलायचीस.

मला भीती वाटतेय, बाय. खरं तर हेच पहिलं लिहायला हवं होतं.

मंगेश वर आहे, त्याच्या पलटणीबरोबर. वर म्हणजे कुठे ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. फोन वाजला की दचकते, नाही वाजला तरी उचलून बघते. अनोळखी नंबर असला तर पिठाच्या हातांनी तसाच उचलते. परवा एक मुलगी बोलली, "मॅडम, आपको पर्सनल लोन चाहिए क्या?" मी तिला म्हणाले, "थँक्यू बेटा." ती बिचारी गप्पच झाली. हे तुला सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि माझी अर्धी भीती तुझ्याकडे गेली असती. घाबरायला आपण दोघी होतो. आता मी एकटी त्याला पुरी पडत नाही.

आपली ओळख झाली ती स्टेशनजवळच्या बेकरीत, दिवाळीच्या आधी. लग्न होऊन रत्नागिरीहून भाईंदरला येऊन मला थोडीच वर्षं झाली होती. मंगेश कडेवर होता. नानकटाईचं पीठ घरी मळायचं, पत्र्यावर गोळे मांडून न्यायचे आणि बेकरीवाला भट्टीत भाजून द्यायचा. रांगेतल्या बायका मला ओलांडून पुढे जात होत्या आणि मी जाऊ देत होते. मागून कोणीतरी पाठीला पत्र्याचा कोपरा टोचला.

"पुढं हो ना बाय. लाजून नानकटाई भाजत न्हाय."

वळून पाहिलं तर तू. गळ्यात क्रूस आणि हातात माझ्यासारखाच पत्रा. मी कोणाला आपणहून काही विचारत नाही, पण तेव्हा विचारलं, तुमच्यातही दिवाळी करतात का.

"माझा नवरा फौजेत हाय. त्याच्या पलटणीत सगळे तुमचेच, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. दिवाळीचा डबा न्हाय गेला तर जेवाला देणार न्हाय ते त्याला."

"असं कसं देणार नाहीत?"

"तेच तर. जेवण बनवतो कोण? तोच. लांगरी हाय तो तिथला."

सगळी रांग हसली. माझे गोळे तूच पुढे सरकवलेस आणि बेकरीवाल्याला दम दिलास, "हिचे जाळलेस तर बघ." मला तोवर भाईंदरमध्ये 'हिचे' म्हणणारं कोणी नव्हतं.

त्याच नाताळला तू मला उत्तनला बोलावलंस. मी बसमधून उतरले तेव्हा सगळीकडे बोंबील वाळत होते आणि मंगेश नाक धरून चालत होता. तुझ्या ओटीवर शेजारची मुलं जमली होती. बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ, पतंगाचा लाल कागद. तू तारा करत होतीस. चार टोकांना कागद लागला आणि पाचवं टोक नुसत्या काठ्यांचं राहिलं. मी विचारलं, कागद संपला का.

"न्हाय. ते आंतोनचं हाय. तो आल्यावर."

एवढंच बोललीस, हात पुसलेस आणि चहा ठेवायला उठलीस.

ते वाक्य मी घरी घेऊन आले, बाय. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या मागोमाग केर काढत नाहीत. मला वाटलं हे तसंच असणार. घरचा फौजी बाहेर आहे तोवर काहीतरी अर्धं ठेवायचं, म्हणजे ते पुरं करायला त्याला यावंच लागतं. तू तसं म्हणाली नव्हतीस. पण मला ते इतकं पटलं की पुन्हा विचारावंसंही वाटलं नाही.

त्याच दिवशी मंगेशने खिशातून दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा काढला, ढाल-तलवारीचा, आणि तुझ्या नाताळच्या गोठ्यात बाळ येशूच्या शेजारी उभा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उचलायला गेले तर तू माझा हात धरलास.

"राहू दे. ते मेंढपाळ झोपतात. पहाऱ्याला कोणतरी पायजे."

तेव्हापासून आमचा किल्ला उतरला की मावळा उत्तनला जायचा. त्याची तलवार मोडली, तू आगपेटीच्या काडीची केलीस. रंग उडाला, आंतोनदादांनी सुट्टीत त्याला हिरवा गणवेश रंगवला. आमच्या चाळीत पुढच्या दिवाळीला किल्ल्यावर एकच मावळा मिलिटरीचा होता. बाकीची पोरं मंगेशला चिडवायची. त्याला ते आवडायचं.

तिथेच सुरुवात झाली का गं?

हे भांडण आपलं अर्धं राहिलंय. मंगेश भरतीत निवडला गेला त्या डिसेंबरात आपण माझ्या खोलीत नाताळची कुलकुलं वळत बसलो होतो. पिठाची गोळी नव्या फणीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, ही तर शंकरपाळीच. तू म्हणाली होतीस, "हां, थंडी वाजली की अशी होते." त्या दिवशी मात्र मी हसण्याच्या मनात नव्हते. मी म्हणाले, तुमच्या घरी येऊन येऊनच पोराच्या डोक्यात फौज शिरली.

"माझा केक खाऊन? मग आंतोन इतकी वर्सं खातोय, तो अजून जनरल कसा न्हाय झाला?"

मी मान वर केली नाही. मग तू एक कुलकुल वळलंस, मोडलंस, परत वळलंस.

"सुमन, मी त्याला जा न्हाय बोलले. थांब पण न्हाय बोलले. मना बोलायला पायजे होतं काय?"

मी पुढची गोळी फणीवर दाबली. तुला मूल नव्हतं आणि माझ्या मुलाला थांबवायचं काम मी तुझ्यावर टाकत होते, हे कळायला मला फार वेळ लागला. कळलं तेव्हा बोलायला हवं होतं. मी फक्त पुढच्या वेळी तुझ्यासाठी नारळाच्या वड्या जास्त केल्या. तुला कळलं असेल असं मी धरून चाललेय.

फौजीची आई कसं व्हायचं ते तू शिकवलंस. डबा दोन करायचे, एक त्याचा, एक घरचा. त्याचा डबा मिळाल्याचा फोन येईपर्यंत घरचा उघडायचा नाही. कुलकुलं वळताना टीव्ही बंद. बातम्या बघून वळलेली कुलकुलं तेलात उमलतात असं तू म्हणायचीस. ते खोटं होतं हे मला माहीत होतं. ह्यांनी रिमोट उचलला की तू लाटणं दाखवायचीस. आणि हेही तुझ्याकडूनच शिकले की त्याच्याशी फोनवर बोलताना "काळजी घे" म्हणायचं नाही, "काय खाल्लंस" विचारायचं. काळजी घे म्हटलं की मुलं घाबरतात आणि काय खाल्लं विचारलं की चिडतात. चिडलेलं बरं.

एक गोष्ट मी तुझ्याकडे कधी बोलले नाही. मंगेश पहिल्यांदा बर्फात गेला त्या वर्षी तुझ्या गोठ्यावर नेहमीसारखा कापूस पसरला होता, बर्फ म्हणून. मी तो पाहिला आणि मला उंबऱ्यातून आत येता येईना. चप्पल शोधल्याचं नाटक करत बाहेर उभी राहिले. आत आले तेव्हा कापूस गेलेला होता, गोठ्यावर सुकं गवत होतं आणि तू चहा गाळत होतीस. नंतर कधी तुझ्या घरात कापूस पसरला नाही. त्याचे आभार मानायचे राहिले. आता मानते.

त्या वर्षी मीच म्हणाले, बाय, पाचवं टोक आता मंगेशसाठी उघडं ठेव. तू माझ्याकडे जरा बघितलंस आणि म्हणालीस, "ठेवते." पहिल्या सुट्टीत तो आला, तुझ्या ओटीवर बसून कागद लावला आणि अर्धा केक खाऊन परत आला. मला वाटलं, बघ, लागू पडलं. मागच्या सुट्टीत तो मित्रांतच राहिला, उत्तनला आलाच नाही. टोक तसंच राहिलं. मला ते वर्षभर टोचत राहिलं.

मग बेकरी बंद झाली. तिथे मोबाइलचं दुकान आलं. मी म्हटलं, झालं, आता नानकटाई नाही नि केक नाही. तू दुसऱ्या आठवड्यात ओव्हन घेऊनच आलीस, टेम्पोतून. ओव्हन माझ्या खोलीत राहील, कारण तुझ्याकडे लाइट जाते. पैसे तू भरलेस, मी हप्त्याने द्यायचे.

"फुकट न्हाय देत. फुकट दिलं की तू रोज माझ्याशी लाजत बसशील."

ते फेडता यावेत म्हणून तूच मला बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत घेऊन गेलीस, डब्यांच्या ऑर्डरी मागायला. बेल तू वाजवायचीस, मी जिन्याच्या वळणावर उभी. दार उघडलं की तू म्हणायचीस, "नमस्ते, ये मॅडम बनाती हैं," आणि मागे बोट दाखवायचीस. मागे कोणी नसायचं, मी एक मजला खाली उतरलेली असायचे. एका गुजराती बाईंनी विचारलं, "मॅडम कहाँ हैं?" तू म्हणालीस, "बहुत बिझी हैं." उतरताना मला चिमटा काढलास. निळा डाग आठवडाभर राहिला.

गणपतीत मी शेवटचा हप्ता घेऊन आले. तू पाकीट हातात घेतलंस आणि परत माझ्या पर्समध्ये घातलंस.

"हे राहू दे. मंगेश नाताळ झाल्यावर येतोय ना? त्याच्या हातनं घेईन."

मला वाटलं, बाय, तेच. टोक उघडं ठेवतात तसंच हे. थोडं बाकी ठेवायचं, म्हणजे तो येईल. मी ते पाकीट तांदळाच्या डब्यात खाली ठेवलं. भाताचं माप घेताना हाताला लागलं की बरं वाटायचं. काहीतरी बाकी आहे, तर पोरगा येणार.

आणि दिवाळी झाल्यावर तूच गेलीस. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणालीस की खजूर महाग झालेत, आत्ताच आणून ठेव. सकाळी आंतोनदादांचा फोन आला. मी खजूरच आणायला निघाले होते.

दफनाला मी मागे उभी होते. मूठभर माती टाकायला सगळे पुढे गेले. मीही माती उचलली, पण पुढे इतकी माणसं होती, मला जाववेना. तू असतीस तर ढकललं असतंस. मूठ तशीच आवळून बसमध्ये बसले, घरी येऊन ती तुळशीत टाकली. तुला चालेल ना?

यंदाचा डबा मी एकटीने केला. टीव्ही बंद ठेवला. ह्यांना लाटणं दाखवायला कोणी नव्हतं, त्यांनीच आपणहून बंद केला आणि हाटकेशच्या कारखान्यातून आलेले तसेच कपड्यांनिशी फणी घेऊन बसले. आयुष्यभर प्रेस मशीन चालवलेला अंगठा. त्यांचं एकेक कुलकुल पत्र्यासारखं चपटं. मी ती तशीच तळली. केक मध्ये थोडा बसला. बेदाणे खाली गेले. तू पीठ लावून घालायचीस ते मी विसरले होते.

पण खरी भीती पुढेच होती. पार्सलवरचा पत्ता.

डबा मांजरपाटात शिवायचा आणि वर पत्ता लिहायचा, ते काम तुझं होतं. तू सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं छापल्यासारखी काढायचीस. त्या पत्त्यात गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. त्याचा नंबर, नाव, पलटण आणि पोस्टाचा आकडा. ज्या पत्त्यात गाव नाही तिथे माझा मुलगा राहतो. एक आकडा चुकला तर डबा दुसऱ्याच कुठल्या डोंगरावर जाईल आणि फोन येणार नाही, आणि फोन नाही आला तर डबा चुकला की आणखी काही झालं, हे मला कळणार कसं? हे म्हणाले, ऑफिसातल्या पोराकडून प्रिंट काढून आणतो. मला ते पटलं होतं. पण मंगेश मागे एकदा म्हणाला होता, डबा उघडायच्या आधी बायचं अक्षर दिसतं तेव्हाच घरचं वाटतं. छापील चिठ्ठी बघून त्याला काय वाटेल?

मी त्याच्या जुन्या पाकिटावरचा पत्ता समोर ठेवला आणि मार्करने उतरवला. वाचता येत नव्हता सगळा. रांगोळी काढतात तसा काढला, आधी ठिपके मग रेषा. एका अक्षराचा पाय लांब गेला. कापडावर खोडता येत नाही. पोस्टात खिडकीतल्या माणसाने पार्सल उलटंसुलटं केलं. "काच आहे का आत?" मी मान हलवली. "पत्ता कोणी लिहिलाय?" मी एक पाऊल मागे सरले. मागच्या माणसाने मला पुढे ढकललं तेव्हा मी म्हणाले, "मीच." त्याने शिक्का मारला. बाहेर येऊन मी पायरीवर बसले.

मग वाट बघणं. घरचा डबा कपाटावर, बंद. तू असतीस तर रोज दुपारी फोन केला असतास, "आला काय?" आणि मी नाही म्हटलं की "येल," आणि मग बोंबलांचा भाव. यंदा दुपार झाली की मी फोनकडे बघत बसायचे आणि तुझा नंबर लावावासा वाटायचा. एकदा लावलाही. आंतोनदादांनी उचलला. मी लगेच ठेवून दिला.

नाताळच्या तोंडावर मंगेशचा फोन आला.

"आई, डबा मिळाला."

"फुटला नाही ना?"

"केकचा चुरा झाला थोडा. चमच्याने खाल्ला सगळ्यांनी. आणि ते चपटे काय होते गं?"

"तुझ्या बाबांनी वळलेत."

"तरीच. पत्ता कोणी लिहिला? पोस्टवाला विचारत होता, किसी बच्चे ने लिखा है क्या."

"मी लिहिला."

तो म्हणाला, "कापड ठेवलंय मी." माझा जीव भांड्यात पडायला आला आणि तेवढ्यात तो म्हणाला, "आई, सुट्टी कॅन्सल झालीय. आम्ही अजून वर जातोय. तिथून काही दिवस फोन नाही लागणार."

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"आई, ऐक ना. बायचे ओव्हनचे पैसे राहिलेत ना? देऊन टाक आंतोनकाकांना. माझी वाट बघत बसू नको."

आणि लाइन गेली.

मी तशीच उभी. डबा उघडायची वेळ झाली होती, फोन आला होता. मी उघडला नाही. हे म्हणाले, "अगं, उधारी ठेवू नये म्हणून साधं बोलला पोरगा." मी म्हणाले, जाताना माणसं हिशेब मिटवून जातात. "कुठे जाताना?" असं त्यांनी विचारलं आणि मग त्यांनाच कळलं मी काय म्हणतेय. ते खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उत्तनला निघाले. मला फक्त बघायचं होतं की तुझ्या ताऱ्याचं पाचवं टोक उघडं आहे ना. तेवढं दिसलं असतं तर मी परत फिरले असते. पैशाचं पाकीट पर्समध्ये टाकलं. देणार नव्हते. तरी टाकलं.

गल्लीच्या वळणावरून तारा दिसला. लाल, मोठा, नेहमीच्या खिळ्यावर. पाचही टोकांना कागद होता.

बाय, मी ओरडले. मी, जिच्या तोंडून रांगेत शब्द फुटत नाही. भर गल्लीत ओरडले, "दादा, काढा ते, काढा, तो वर आहे अजून." शेजारच्या बायका बाहेर आल्या. आंतोनदादा शिडीजवळ खळीची वाटी घेऊन उभे होते. त्यांना वाटलं मला विंचू-बिंचू चावला. मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी एकच धरून बसले होते, ते टोक, ते टोक का लावलंत.

"ते टोक माझं होतं," ते म्हणाले. "आता फिलू न्हाय. माझी वाटणी राखून ठेवणार कोण? म्हणून सगळाच मीच केला यंदा."

"वाटणी?"

"अगं, फौजेत होतो तेव्हा मी सुट्टीवर यायचो तो नाताळ झाल्यावर. आयतं जेवायचो न् झोपायचो. ती बोलायची, पलटणीला रांधतोस, घरी काडी हलवत न्हायस. म्हणून एक टोक माझ्या नावाचं ठेवायची. हातपाय धू, कागद लाव, मग केक. कागद न्हाय तर केक न्हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी काय समजत होते ते सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते आधी हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

"तिला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं. मना बोलली होती, सुमनला तसं वाटतं तर वाटू दे. तिला धरायला कायतरी पायजे. कागदच हाय, कोणाचं काय जातं."

"आणि पैसे? मंगेशच्याच हातून घेईन म्हणाली ते?"

"पोराला बघायचं होतं तिला. मागच्या सुट्टीत आला न्हाय तो इथं. बोलवलं तर बोलेल येतो येतो. म्हणून गळ टाकून ठेवला होता. पैसे द्यायला तरी येईल, मग केक खाईल, मग बसेल."

एवढंच होतं, फिलूबाय. एवढी वर्षं मी ज्या काठ्यांना धरून बसले होते तो आंतोनदादांचा आळस होता, आणि गणपतीपासून ज्या पाकिटाला धरून बसले ते तुझं माझ्या पोरावरचं प्रेम होतं. मला तुझा राग आला. खरंच आला. आधी का नाही सांगितलंस? आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, सांगितलं असतंस तर त्या पहिल्या बर्फाच्या वर्षी मी काय धरलं असतं?

आंतोनदादा उठले आणि शिडीला हात लावून म्हणाले, "फाडू काय? तुझ्यासाठी उघडं ठेवतो परत. दोन मिनिटांचं काम."

दारातून गोठा दिसत होता. वर गवत होतं, कापूस नव्हता. येशूच्या शेजारी हिरवा मावळा, हातात आगपेटीच्या काडीची तलवार. तो दिवाळीनंतर मी कधी पोचवला ते मला आठवेना. मग आठवलं, तूच भाऊबीजेला येऊन घेऊन गेली होतीस. म्हणालीस, यंदा लवकर नेते.

मी ताऱ्याकडे बघितलं. वाऱ्याने कागद फुगत होता आणि बसत होता. फाडा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. खूप वेळ ते शिडी धरून उभे राहिले आणि मी बसून राहिले. मंगेश वर होता. फोन लागत नव्हता. कागद फाडला तरी तो वरच असणार होता आणि नाही फाडला तरी.

"राहू दे," मी म्हणाले.

मग पर्स उघडली. चेन अडकली, त्यांनी ओढून दिली. पाकिटाला तांदळाची पूड लागलेली होती. ती पदराने पुसली आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलंही नाही. तुझ्या फोटोला दाखवलं आणि म्हणाले, "फिलू, सुमन आली होती. फिटले गं सगळे."